नीर, तोय, उदक आणि पऱ्या

तिसरी-चौथीच्या मराठीचे कोणतेही मार्गदर्शक, म्हणजे आपण सगळे ज्याला ‘गाईड’ म्हणतो ते, उघडून पाहावे. पाठ संपला की एक चौकट असते. डावीकडे शब्द, उजवीकडे अर्थ. पाणी म्हणजे जल, नीर, तोय, उदक. झाड म्हणजे वृक्ष, तरू, पादप. सूर्य म्हणजे रवी, भास्कर, मित्र, आदित्य. मुले ही चौकट वहीत उतरवून घेतात, दुसऱ्या दिवशी घडाघड म्हणून दाखवतात आणि चाचणीत ‘समानार्थी शब्द लिहा’ या प्रश्नाचे गुण पदरात पाडून घेतात. विज्ञानाच्या तासाला हीच चौकट वेष पालटून येते. तिथे तिचे नाव ‘एका शब्दात उत्तर लिहा’ किंवा ‘व्याख्या लिहा’ असे असते. वनस्पतींच्या पानांतून पाण्याची वाफ बाहेर टाकली जाते त्या क्रियेस काय म्हणतात? बाष्पोत्सर्जन. पुढचा प्रश्न.

शब्दसंग्रह वाढवण्याची ही रीत इतकी अंगवळणी पडली आहे, की तिच्याविषयी तक्रार करावी असे फारसे कोणाला वाटत नाही. आम्हाला ती करायची आहे, आणि भाषेच्या शिक्षकांपुढे करण्याऐवजी विज्ञानाच्या शिक्षकांपुढे करायची आहे. विज्ञानाचा पाठ प्रयोगापाशी जितका अडतो त्याहून अधिक वेळा शब्दापाशी अडतो. परीक्षानळी नाही, लिटमस कागद संपला, हे अडथळे डोळ्यांना दिसतात व त्यांची मागणी वरिष्ठांकडे करता येते. शब्दाचा अडथळा दिसत नाही, कारण मूल शब्द बिनचूक म्हणून दाखवते.

‘नीर, तोय, उदक’ या चौकटीचेच पाहू. पाणी ही वस्तू मुलाला ठाऊक आहे, ‘पाणी’ हा शब्दही ठाऊक आहे. त्याच वस्तूला आपण आणखी तीन चिठ्ठ्या चिकटवल्या. जुनी कविता वाचताना या चिठ्ठ्या उपयोगी पडतात, हे मान्य. पण नीर वेगळे आणि तोय वेगळे असे पाणी जगात नाही. या शब्दांनी मुलाच्या पाण्याविषयीच्या ज्ञानात थेंबाचीही भर पडली नाही. नवा शब्द नवा भेद दाखवतो, किंवा वेगवेगळ्या दिसणाऱ्या दोन गोष्टींतले साम्य दाखवतो, तेव्हा त्याने ज्ञान वाढते. विज्ञानाला शब्द हवे असतात ते या दोन कामांसाठी.

आता उदाहरणासाठी रत्नागिरी जिल्ह्यातील संगमेश्वर तालुका घेऊ. शास्त्री आणि सोनवी या नद्यांचा संगम होतो ते संगमेश्वर. गावाच्या नावातच भूगोलाची एक संज्ञा बसली आहे. पूर्वेला सह्याद्रीची कडा, मध्ये जांभ्याचे सडे, आणि पश्चिमेला जयगडकडे जाणारी शास्त्रीची खाडी. एके काळी गलबते पार संगमेश्वरापर्यंत येत असत, पुढे गाळ साचत गेला आणि ती थांबली. भाषेच्या अभ्यासकांनाही हे गाव परके नाही. ग्रिअर्सन यांच्या भारतीय भाषा सर्वेक्षणाचा सातवा खंड १९०५ मध्ये निघाला, त्यात कोकणातील मराठीच्या प्रकारांमध्ये ‘संगमेश्वरी’ असा एक प्रकार नावानिशी नोंदलेला आहे.

या तालुक्यातील मुलाजवळ पाण्याचे कोणते शब्द असतात? डोंगरातून उतरणारा, पावसाळ्यात फोफावणारा आणि उन्हाळ्यात आटणारा तो पऱ्या. त्याहून मोठा तो वहाळ. नदीच्या पात्रात उन्हाळ्यातही पाणी धरून राहणारी खोल जागा तो कोंड. विहीर ती बाव. छपराच्या कडेवरून गळणारी धार ती पागोळी. फुणगूससारख्या खाडीकाठच्या गावातले मूल असेल तर त्याला उधाण आणि भांग हेही माहीत असतात. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास पाणी खूप चढते व खूप उतरते ते उधाण, आणि अष्टमीच्या आसपास चढउतार बेताचा राहतो तो भांग.

यांतला प्रत्येक शब्द एक भेद दाखवतो. पऱ्या आणि वहाळ यांत पाणलोट क्षेत्राच्या आकाराचा भेद आहे. पऱ्या आणि कोंड यांत हंगामी पाणी व टिकाऊ पाणी हा भेद आहे. उधाण आणि भांग यांत तर सूर्य, चंद्र आणि पृथ्वी यांच्या स्थितीचा सगळा पाठ दडलेला आहे. सूर्य आणि चंद्र यांची ओढ एका रेषेत आली की उधाण, काटकोनात आली की भांग. आमच्या भूगोलाच्या पुस्तकांनी ‘उधाणाची भरती’ आणि ‘भांगाची भरती’ या संज्ञा किनाऱ्यावरच्या लोकांकडूनच उचलल्या आहेत, आणि आमच्या मते मराठी पाठ्यपुस्तकांनी केलेल्या उत्तम निवडींपैकी ही एक आहे. विदर्भातल्या मुलाला ‘भांग’ हा शब्द पाठ करावा लागतो. फुणगूसच्या मुलाला फक्त एवढेच सांगावे लागते की तुझा आजा जाळे टाकायला जाण्यापूर्वी तिथी का पाहतो त्याचे कारण या आकृतीत आहे.

पण हे भाग्य फार थोड्या शब्दांच्या वाट्याला आले. बाकीच्यांचे काय होते ते आपण सर्वांनी पाहिले आहे. मूल निबंधात लिहिते, ‘आमच्या घराच्या मागे पऱ्या आहे.’ वही तपासून येते तेव्हा ‘पऱ्या’खाली लाल रेघ असते आणि वर ‘ओढा’ लिहिलेले असते. यात शिक्षकाचा दुष्टावा नसतो. बदलीवर आलेला शिक्षक घाटावरचा असतो, त्याने ‘पऱ्या’ ऐकलेलाच नसतो, आणि पुस्तकात ‘ओढा’ आहे. वास्तविक ‘ओढा’ हासुद्धा घाटावरच्या लोकांचा रोजचा शब्दच, तो पुस्तकात आधी पोचला एवढेच. नमन-खेळ्यांच्या रंगमंचावर टाळ्या मिळवणारी बोली वर्गाच्या दाराशी चपलेसारखी काढून ठेवावी लागते. दोन-चार लाल रेघांनंतर मूल शहाणे होते. घरामागच्या पऱ्याविषयी ते वर्गात बोलेनासे होते. मग आपण कार्यशाळांमधून म्हणतो, ‘कोकणातली मुले वर्गात गप्प असतात हो!’ या रेघेने एक शब्द गेला असता तर आम्ही एवढे मनाला लावून घेतले नसते. त्या शब्दाला बांधलेले निरीक्षण त्याच्याबरोबर जाते. पऱ्या कोणत्या महिन्यात आटतो, त्यातली कुर्ली कोणत्या दगडाखाली बसते, पूर येण्याआधी पाण्याचा रंग कसा पालटतो, हे सगळे ‘ओढा’ या शब्दाखाली मुलाने साठवलेलेच नसते.

घरचा शब्द आणि शास्त्राचा शब्द एकमेकांना भेटले म्हणजे काय होते, याचे उदाहरण म्हणून नारळ घेऊ. सोललेला नारळ शहरातल्या मुलाच्या ओळखीचा असतो. कोकणातल्या मुलाला त्याची सगळी अंगे नावानिशी माहीत असतात. कोवळे ते शहाळे, अर्धवट तयार तो आडसर, पुरता तयार झाला तो नारळ. बाहेरचा तंतूंचा जाड थर ते सोडण, त्याच्या आत करवंटी, तिच्या आत खोबरे व पाणी. आंब्याचीही अशीच: साल, गर, बाठा आणि बाठ्याच्या आतली कोय. (घाटावर पुष्कळदा सगळ्या बाठ्यालाच कोय म्हणतात, त्यामुळे दोन जिल्ह्यांतली मुले एका वर्गात आली की पहिला वाद इथेच होतो. वाद होऊ द्यावा.)

अकरावीच्या जीवशास्त्रात आंबा आणि नारळ ही एकाच प्रकारच्या, म्हणजे अश्मगर्भी फळाची उदाहरणे म्हणून शेजारी शेजारी येतात. फळाच्या भिंतीचे तीन थर असतात: बाह्यकवच, मध्यकवच, अंतःकवच. विद्यार्थी हे पाठ करतो आणि विसरतो. आता हेच पाचवी-सहावीच्या वर्गात उलट बाजूने करून पाहा. एक असोला नारळ आणि एक आंबा टेबलावर ठेवा. दोन्ही उभे चिरा. नारळासाठी कोयता आणि एखादा जाणता पालक लागेल. फळ्यावर दोन रकाने करून मुलांनी सांगितलेली नावे बाहेरून आत या क्रमाने लिहा. आंबा: साल, गर, बाठ्याचे टणक कवच, कोय. नारळ: वरची गुळगुळीत साल, सोडण, करवंटी, खोबरे. आणि मग विचारा, ‘आंब्याच्या गराच्या जागी नारळात काय आहे?’

वर्ग क्षणभर गप्प होतो आणि मग कोणीतरी म्हणते, ‘सोडण!’ आंब्यातला जो थर आपण खातो, तोच थर नारळात आपण चुलीत घालतो. बाठ्याचे कवच आणि करवंटी ही एकाच पंक्तीला बसतात. आणि आंब्याची जी कोय आपण फेकून देतो, तिच्या जागी नारळात खोबरे असते. या क्षणी वर्गाला एका शब्दाची गरज निर्माण होते. गर आणि सोडण हा एकच थर आहे हे सांगायला घरच्या भाषेत शब्द नाही, असण्याचे कारणही नाही, कारण स्वयंपाकघरात या दोहोंचा काही संबंध येत नाही. इथे ‘मध्यकवच’ हा शब्द द्यावा. आता तो पाठ करावा लागत नाही. तो हवाच होता. खोबऱ्याविषयी पुढचा प्रश्न एखादी चलाख मुलगी विचारीलच: खोबरे म्हणजे बी का? तर खोबरे आणि नारळाचे पाणी हा कोंबासाठी केलेला अन्नसाठा, म्हणजे भ्रूणपोष. खरा कोंब करवंटीच्या तीन डोळ्यांपैकी मऊ डोळ्याखाली इवलासा बसलेला असतो. खोवणीवर बसलेल्या आईने तो अनेकदा पाहिलेला असतो.

काजूत तर घरची भाषा पुस्तकाच्या पुढे आहे. बोंडू वेगळे आणि बी वेगळी, हे इथल्या पाच वर्षांच्या मुलालाही कळते. वनस्पतिशास्त्र म्हणते की खरे फळ ती बीच, बोंडू हा फुगलेला देठ, म्हणून ते आभासी फळ. ‘काजू’ या एकाच शब्दावर वाढलेल्या मुलाला हे समजावायला आकृती लागते. बोंडू चोखत वाढलेल्या मुलाला नुसती आठवण पुरते.

‘बोली तेवढी खरी आणि परिभाषा तेवढी खोटी’ असा अर्थ यातून कोणी काढू नये. तसे म्हणणारेही आहेत आणि त्यांच्याशी आमचे पटत नाही. घरच्या शब्दाला त्याच्या मर्यादा असतात, कारण तो घरच्या कामासाठी घडलेला असतो.

शेवाळ हा शब्द घ्या. पावसाळ्यात संगमेश्वरातल्या प्रत्येक गडग्यावर, पायरीवर, बावीच्या काठावर शेवाळ असते. या शब्दाचा घरातला अर्थ ‘पाय घसरेल, जपून’ असा आहे, आणि त्या कामाला तो उत्तम आहे. पण माध्यमिक वर्गात ‘शैवाल’ हा शब्द येतो. तो थॅलोफायटातला, मूळ-खोड-पाने असा भेद नसलेल्या वनस्पतींचा. मूल म्हणते, ‘शैवाल म्हणजे आपले शेवाळ.’ शिक्षकही मान डोलावतात. प्रत्यक्षात गडग्यावरची मखमलीसारखी हिरवी गादी बहुधा मॉसची, म्हणजे ब्रायोफायटातली असते. साध्या भिंगातून तिच्या इवल्या पानांसारख्या रचना दिसतात, आणि हंगामात त्यांवर बारीक दांड्याच्या टोकाला बीजाणूंची बोंडे उभी राहिलेली दिसतात. पायरीवरचा बुळबुळीत थर मात्र बहुतेक वेळा शैवालाचा किंवा नीलहरित जीवाणूंचा. दोन्हींना घरात शेवाळच म्हणतात. म्हणजे ‘शेवाळ’ आणि ‘शैवाल’ या शब्दांचे मूळ एक असले तरी विज्ञानाच्या वर्गात ते समानार्थी नाहीत. समानार्थी शब्दांच्या चौकटीवर वाढलेल्या मुलाला नेमके हेच कळणे कठीण जाते, कारण दोन मिळतेजुळते शब्द दिसले की त्यांच्यामध्ये ‘म्हणजे’ टाकायचे, अशी सवय त्याला आपणच लावलेली असते. यावर उपाय दहा-वीस रुपयांच्या भिंगाचा आहे. गडग्यावरचा एक आणि पायरीवरचा एक असे दोन नमुने पाहिले की ‘शेवाळ’ शब्दाची दोन शकले मुलांच्या डोळ्यांसमोर होतात.

कापराचेही तसेच. ‘कापूर उडतो’ असे आजी म्हणते आणि तो उडू नये म्हणून डबीत मिरे टाकते. पुस्तकात ‘संप्लवन’ आहे. हा शब्द फोडून पाहिला तरी मुलाच्या हाती काही लागत नाही. पण ‘उडणे’ही अपुरेच, कारण सांडलेले रॉकेलही उडते आणि ओल्या फरशीवरचे पाणीही उडून जाते. ‘स्थायूतून मध्ये द्रव न होता सरळ वायू’ हा मुद्दा ‘उडणे’ या शब्दात नाही. म्हणून संप्लवन हवे. पण ‘उडणे’ या शब्दाच्या खांद्यावर बसून यावे, त्याला ढकलून नको. (मिऱ्यांचे म्हणणे कितपत खरे, हे दोन सारख्या डब्या, सारख्या वजनाचा कापूर आणि सोनाराच्या काट्याची ओळख एवढ्यावर तपासता येईल. निकाल आधी सांगण्यात अर्थ नाही.)

तिसरा प्रकार अधिक फसवा आहे. ओळखीचा शब्दच शास्त्रात वेगळ्या अर्थाने येतो. ताप म्हणजे घरात आजार, म्हणून ‘तापमान’ म्हटले की थंड पाण्यालाही तापमान असते हे मुलाला पटत नाही. जड म्हणजे वजनदार, म्हणून ‘जडत्व’ म्हणजे वजन अशी समजूत दहावीपर्यंत टिकते. शक्ती, बल, ऊर्जा हे तीन शब्द घरात व भाषणात एकमेकांच्या जागी वापरतात. भौतिकशास्त्रात ते तीन वेगळ्या राशी आहेत आणि त्यांची एककेही वेगळी आहेत. समानार्थी शब्दांच्या चौकटीत मात्र ‘शक्ती – बल, सामर्थ्य, ताकद’ असे लिहिलेले असते. मराठीचा तास सकाळी जे पक्के करतो ते विज्ञानाच्या तासाला दुपारी पुसावे लागते, आणि दोन्ही तास बऱ्याचदा एकच शिक्षक घेत असतात!

रत्नागिरी जिल्ह्यात बसून शब्दांविषयी लिहायचे तर भाषाशुद्धीचा उल्लेख टाळता येत नाही. १९२४ ते १९३७ या काळात सावरकर याच जिल्ह्यात स्थानबद्ध होते आणि परकीय शब्दांच्या जागी नवे शब्द घडवण्याची त्यांची मोहीम या काळात जोमात होती. तिला विरोधही झाला. माधव जूलियन यांचे ‘भाषाशुद्धि-विवेक’ १९३८ चे. त्या वादात शिरण्याचे आम्हाला कारण नाही. शिक्षकाने लक्षात घेण्याजोगी गोष्ट वेगळीच आहे. ‘महापौर’, ‘दिनांक’ हे शब्द असे रुळले की ते घडवलेले आहेत हेही आज कोणाला आठवत नाही. ‘कायदा’ या शब्दाच्या जागी सुचवलेला ‘निर्बंध’ मात्र त्या अर्थाने रुजला नाही. शब्द कोणत्या भाषेतून आला यावर त्याचे रुळणे अवलंबून नव्हते. त्याला काम मिळाले की नाही यावर अवलंबून होते.

विज्ञानाच्या परिभाषेविषयीची आपली चर्चा तरीही शब्द संस्कृत असावा की इंग्रजी, याच खुंटीभोवती फिरते. सेमी-इंग्रजीच्या वर्गांत तर हा प्रश्न सुटलाच असे अनेकांना वाटते: ‘प्रकाशसंश्लेषण’ अवघड, ‘फोटोसिंथेसिस’ सोपे. आम्हाला दोन्ही सारखेच वाटतात. ‘प्रकाशसंश्लेषण’ निदान फोडता येतो. प्रकाश ठाऊक आहे, संश्लेषण म्हणजे जोडून नवे करणे, एवढे एकदा सांगितले की शब्दच अर्धी व्याख्या देतो. ‘बाष्पोत्सर्जना’तही बाष्प आणि उत्सर्जन आहेत. पण किती वर्गांत हा शब्द फोडला जातो? न फोडलेला संस्कृत शब्द आणि न फोडलेला ग्रीक शब्द मुलाच्या घशात सारख्याच ठिकाणी अडकतो.

खुद्द इंग्रजीतले शब्द तरी कुठून आले? आपल्या अंगणातलेच उदाहरण आहे. जांभ्याला इंग्रजीत लॅटराइट म्हणतात. फ्रान्सिस बुकानन हा गृहस्थ मलबारात हिंडत असताना अंगाडिपुरम परिसरात त्याने लोकांना हा दगड कापून विटांसारखा वापरताना पाहिले. खाणीत मऊ, हवेत राहिला की टणक. वीट या अर्थाच्या लॅटिन ‘लॅटर’ शब्दावरून त्याने १८०७ च्या आपल्या ग्रंथात हे नाव दिले. म्हणजे जगभरच्या भूशास्त्रात चालणारी ही संज्ञा खाणीत चिरा कापणाऱ्या माणसाच्या कामावरून घेतलेली आहे. संगमेश्वर तालुक्यात चिरेखाणीवर ज्याचे वडील कामाला आहेत असा मुलगा वर्गात असतोच. चिरा ताजा असताना हत्याराला सोपा का जातो आणि उघड्यावर राहिला की का घट्ट होतो, हे त्याला आधी विचारावे. मग लोह व ॲल्युमिनियम यांच्या ऑक्साइडांविषयी बोलावे.

मुले शब्द कसे शिकतात याविषयी संशोधन झालेले आहे आणि ते आपल्या चौकटीच्या बाजूचे नाही. १९७८ मध्ये अमेरिकेत सूझन केरी व एल्सा बार्टलेट यांनी तीन वर्षांच्या मुलांवर एक साधा प्रयोग केला. दोन ट्रे ठेवलेले. एक ओळखीच्या रंगाचा, दुसरा शेवाळी हिरवा. बाई सहज म्हणायच्या, ‘तो क्रोमियम ट्रे आण, दुसरा नको.’ रंगाला हे नाव मुलांनी पूर्वी ऐकलेले नव्हते. एकदाच ऐकून पुष्कळ मुलांना हे रंगाचे नाव आहे एवढा सुगावा लागला. पण तो नेमका कोणता रंग, इतर रंगांपासून तो कुठे वेगळा होतो, हे बसायला खूप काळ आणि खूप वापर लागतो. पहिली ओळख झटकन होते, खरा अर्थ सावकाश भरत जातो. आपण पहिल्या ओळखीलाच चाचणी लावून मोकळे होतो.

रशियन मानसशास्त्रज्ञ वायगॉट्स्की यांच्या ‘विचार आणि भाषा’ या १९३४ च्या ग्रंथात याची दुसरी बाजू आहे. रोजच्या अनुभवातली संकल्पना खालून वर वाढते, शाळेतली शास्त्रीय संकल्पना वरून खाली उतरते, आणि दोघींना एकमेकींची गरज असते. सोडण खालून येते, मध्यकवच वरून. आपल्याकडेही हा विचार नवा नाही. होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रम १९७२ मध्ये सोळा शाळांतून सुरू झाला व २००२ मध्ये बंद पडेपर्यंत ‘आधी करून पाहा, मग नाव’ हाच त्याच्या पुस्तकांचा रोख होता. मुंबईच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रातील व्ही. जी. कुलकर्णी व व्ही. जी. गंभीर यांनी आशय तोच ठेवून विज्ञानाच्या मराठी पुस्तकांची भाषा सोपी केली आणि त्याचा मुलांच्या आकलनावर होणारा परिणाम तपासला; भाषेच्या अडथळ्यावरचा त्यांचा निबंध १९८१ चा आहे. भाषा सोपी केल्याने समज वाढते, हे त्यातून दिसले.

‘हे सगळे ठीक, पण अभ्यासक्रम कधी संपवायचा?’ हा प्रश्न आम्हाला अपेक्षित आहे आणि तो खोटा नाही. पाच-पाच वर्ग दोन शिक्षकांवर असलेल्या वाडीवरच्या शाळेत नारळ फोडत बसायला वेळ कुठला? आमचे उत्तर असे, की सगळेच शब्द असे शिकवायचे नसतात. एका पाठात वीस नवे शब्द असतील तर त्यांतले पंधरा नुसते सांगून पुढे जावे, वाचताना ते हळूहळू बसतील. ज्या चार-पाच शब्दांवर पाठाचा भार आहे तेवढेच निवडावेत. ही निवड गाईड करू शकत नाही, कारण आपल्या वर्गातल्या मुलांजवळ आधी काय आहे हे गाईडला ठाऊक नसते. परीक्षेचे म्हणाल तर प्रश्नपत्रिका काढणारेही आपणच असतो, निदान घटक चाचणीला तरी. ‘बाष्पोत्सर्जन म्हणजे काय?’ याऐवजी ‘जास्वंदीच्या पालेदार फांदीवर प्लास्टिकची पिशवी बांधली, दोन तासांनी आत पाण्याचे थेंब दिसले, हे पाणी कुठून आले?’ असे विचारले तर शब्द येणारा आणि न येणारा यांत फरक करता येतो. शब्द पाठ असून अर्थ न कळलेला मुलगा इथे उघडा पडतो. शब्द आठवत नसून गोष्ट कळलेली मुलगी इथे तरते.

मराठीच्या वहीतली लाल रेघही थोडी आवरता येईल. ‘पऱ्या’ खोडण्याऐवजी शेजारी ‘ओढा’ लिहावा आणि मुलाला विचारावे, ‘तुमच्या पऱ्याला उन्हाळ्यात पाणी असते का?’ परीक्षेत ‘ओढा’ लागतो, तो मुलाला यायलाच हवा. पण तो दुसरा शब्द म्हणून यावा.

वाचकांना एक विनंती. आपल्या शाळेच्या पंचक्रोशीत पाणी, माती, दगड, फळांचे भाग, भातशेतीची कामे यांसाठी जे शब्द चालतात त्यांची यादी मुलांकडून करून घ्यावी व आमच्याकडे पाठवावी. तरवा, भाजवळ, कुयरी, आठळी असे शब्द चालतील. केवळ प्रतिशब्द लिहू नये. त्या शब्दाने नेमकी कोणती वस्तू दाखवतात, ती कोणत्या महिन्यात दिसते, आणि शेजारच्या गावात तिला तेच म्हणतात का, हे लिहावे. शक्य तिथे मुलांनी काढलेले चित्र जोडावे. काही शब्द फसवतील. संगमेश्वर तालुक्यात ‘कोंड’ म्हणजे नदीतला डोह, तसेच ‘कोंड’ म्हणजे वाडीही. तेव्हा यादीत ‘कोंड’ आला तर तिथे मुले पोहतात की राहतात, तेवढे अवश्य कळवावे.